पेटेत मिळालेलं स्वयंपाकघर

बंगळुरूत स्वयंपाकघर नवं करायचं म्हटलं की मॉड्युलर किचनवाला पहिला आकडा लाखातच सांगतो. आमच्याकडे होते वीस हजार, आणि घर भाड्याचं. शोरूमचा नाद सोडला आणि ग्रीन लाइन मेट्रोने चिकपेटे स्टेशन गाठलं.

केंपेगौडांनी 1537 मध्ये हे शहर वसवलं, तेव्हापासूनची ही पेटे. दोड्डपेटे म्हणजे आताचा अॅव्हेन्यू रोड आणि त्याला छेद देणारी चिक्कपेटे, हे तिचे दोन मुख्य रस्ते. 1638 नंतर बंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, त्यामुळे इथे फिरताना आपल्याला जरा घरच्यासारखं वाटलं तर नवल नाही. एका गल्लीत एकच धंदा, ही जुनी रीत अजून बरीच टिकून आहे. गिऱ्हाइकाचा यात फायदाच, कारण शेजारच्या दुकानातला भाव दहा पावलांवर कळतो.

पण खरेदीच्या आधी काय बदलायचं नाही ते ठरवलं. ग्रॅनाइटचा ओटा. दगडाला काही होत नाही आणि फोडायला घेतला की मजुरी, राडारोडा, प्लंबर, सगळं मागून येतं. कपाटांची दारं फुगली होती, तीही नुसती काढून टाकली. नवीन दारं करायचीच असतील तर प्लायवर आयएस 710 चा शिक्का बघा, तो पाण्याला टिकणारा. आयएस 303 मध्ये एमआर ग्रेड घेतलात तर सिंकखाली तो लवकरच फुगेल. आम्ही सिंकखाली प्लाय लावलाच नाही, जागा उघडी ठेवली. हवा लागते आणि गळती दिसते. टाइल्सच्या सांध्यांतला काळा पडलेला ग्राउट मात्र खरवडून नवा भरला. सगळ्यात स्वस्त काम आणि सगळ्यात जास्त फरक याचाच.

आमची खरी अडचण वेगळी होती. सांगलीहून राहायला आलेल्या आईला हा ओटा उंच पडत होता. कामाची जागा कोपरापेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर खाली असावी, आणि पोळ्या लाटायला जोर द्यावा लागतो म्हणून अजून थोडी खाली. इथे तिचे खांदे वर उचलले जायचे, आणि वीस पोळ्यांनंतर हात दुखायला लागायचा. पायाखाली पाट घेणं गॅसजवळ मला पटेना.

उपाय एसपी रोडवर सापडला. सदर पत्रप्पा रोड हे पूर्ण नाव कुणी घेत नाही. इलेक्ट्रॉनिक्ससाठी प्रसिद्ध असला तरी हार्डवेअरही तिथे भरपूर. घडीचे स्टीलचे दोन ब्रॅकेट घेतले, किती वजन पेलतील ते विचारून. ‘अण्णा, स्वल्प कडिमे माडि’ एवढ्या कन्नडवर भाव थोडा उतरला. दुकानदारानेच विचारलं, भिंत विटांची की पोकळ ब्लॉकची? पोकळ ब्लॉकमध्ये साधा प्लग धरत नाही, त्याचे वेगळे मिळतात. मालकांची परवानगी घेऊन भिंतीला भोकं पाडली आणि आईच्या मापाने फळी बसवली. काम झालं की ती घडी होऊन खाली जाते. आता पोळपाट तिथेच.

त्याच रस्त्यावर एलईडीची पट्टी घेतली, 4000 केल्विनची. वरच्या फळीखाली लावल्यावर चिरताना आपलीच सावली भाजीवर पडायची थांबली.

नळाला एरेटर बसवला, तो अगदी किरकोळ खर्चाचा. इथलं कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून उपसून आणतात. मार्च 2024 च्या टंचाईत जलमंडळाने मॉल, हॉटेलांसारख्या ठिकाणी एरेटर सक्तीचे केले होते. घरी सक्ती नव्हती, पण बोअरवेलचं जड पाणी येत असेल तर त्याची जाळी अधूनमधून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावी लागते, नाहीतर क्षाराने बुजते.

परतताना केआर मार्केट. तळघरात भाजी, वर फुलं आणि पूजेचं सामान, सगळ्यात वरच्या मजल्यावर हत्यारं. सामान जवळ असेल तर सकाळची फुलांची गर्दी टाळा. आणि रविवारी एसपी रोडवरची बरीच दुकानं बंद असतात, म्हणून शनिवार धरा. सिंकखालचा पडदा तेवढा राहिलाय. त्याचं कापड चिकपेटेत बघायचं, पण या वेळी आईला सोबत घेऊन. रंग तिला निवडायचाय.