पाडव्याची डोंबिवली आणि जागा दाखवणाऱ्या वहिनी

मैत्रिणींनो, पाडव्याच्या सकाळी तुम्ही कधी डोंबिवलीला गेला आहात का? नसाल तर एकदा जरूर जाऊन या. पहाटेची लोकल पकडा, पूर्वेला उतरा आणि फडके रोडने गणेशमंदिराच्या दिशेने चालू लागा. रस्ताभर रांगोळ्या, ढोल-ताशे, चित्ररथ, नऊवारी नेसून नि फेटे बांधून स्कूटरवर निघालेल्या लेकीसुना! इथल्या गणेशमंदिर संस्थानाने १९९९ साली नववर्षाची स्वागतयात्रा सुरू केली, आणि मग ठाण्यापासून गिरगावापर्यंत गावोगावी अशा यात्रा निघू लागल्या.

यात्रा डोळे भरून पाहाच, पण जरा रस्त्याच्या कडेलाही नजर टाका. सरबताचे टेबल कुणी मांडले आहे? शुभेच्छांचा फलक कुणाचा आहे? निम्म्याहून अधिक नावे सराफ, मिठाईवाले आणि इस्टेट एजंट यांची! सराफ-मिठाईवाल्यांचे समजते, पण या जागावाल्यांचे इथे काय काम, असा प्रश्न मलाही पडला होता.

त्याचे उत्तर या गावाच्या घडणीतच आहे. गिरगाव, दादर, लालबाग इथल्या दोन खोल्यांत संसार मावेनासा झाला, मुंबईत ब्लॉक घेणे परवडेना, तेव्हा कितीतरी मराठी कुटुंबांनी डोंबिवलीची वाट धरली. चाळीत सगळे ओळखीचे; इथे मात्र कुणी मावशी नाही, आत्या नाही. अशा वेळी नव्या गावात पहिली ओळख व्हायची ती जागा दाखवणाऱ्या माणसाशी! पाणी किती वाजता येते, शाळा कोणती बरी, चांगले पोळी-भाजी केंद्र कुठे आहे, हे सगळे त्यालाच विचारायचे. आपण त्याला ‘दलाल’ म्हणून नाक मुरडतो खरे, पण संसाराची सगळी पुंजी त्याच्याच शब्दावर खर्च करतो, नाही का?

अशाच एक जागा दाखवणाऱ्या वहिनी मला त्या दिवशी भेटल्या. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडायचे नाही. इमारतीच्या दारात त्यांनी छोटे टेबल मांडले होते. कडुलिंबाची कोवळी पाने, गूळ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, जिरे आणि हिंग असा पाडव्याचा प्रसाद, नि शेजारी पन्ह्याचे पातेले. फलक मात्र कुठेच नाही.

“अहो, तुमच्या धंद्याची पाटी नाही लावली?” मी विचारले.

“पाटी कशाला? पन्हं प्यायला येतात ते सगळे मला ओळखतात. आणि जे ओळखत नाहीत, ते पाटी वाचून थोडेच ओळखणार आहेत?” वहिनी हसून म्हणाल्या.

वहिनी वीस-बावीस वर्षे हे काम घरूनच करतात. मंगळवारी भजनी मंडळ, गणपतीत वर्गणीचा हिशेब, सोसायटीच्या सभेत इतिवृत्त लिहिणे, ही कामे त्यांच्याकडे आपसूक आली. ज्यांना घर मिळवून दिले, त्यांच्याकडे पहिल्या पावसाळ्यात त्या एक फेरी मारतात. गळती नाही ना, गच्चीचे पाणी झिरपत नाही ना, हे बघायला. दलाली तर केव्हाच मिळालेली असते!

“हे सगळं गिऱ्हाईक मिळावं म्हणूनच करता ना?” मी जरा खोचकच विचारले.

त्या रागावल्या नाहीत. “सुरुवातीला तसंच होतं. पुढे लक्षात आलं, गिऱ्हाइकापेक्षा माहिती जास्त मिळते.” आणि मग त्यांनी एक हकिगत सांगितली.

काही वर्षांपूर्वी एक तरुण जोडपे त्यांच्याकडे आले. स्टेशनपासून जरा लांब नवी इमारत, भाव कमी, आणि बांधणारा दुप्पट दलाली द्यायला तयार! कागदही व्यवस्थित दिसत होते. वहिनींनी मंगळवारी सहज भजनी मंडळात विषय काढला, तर एक आजी म्हणाल्या, “अगं, ती जमीन तर सरकारी! आमची गुरं चरायची तिथे.” वहिनी दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या नगररचना विभागात गेल्या. परवानगीचा क्रमांक जुळेना. त्यांनी जोडप्याला सरळ सांगितले, “हे घर घेऊ नका.” ती दोघे नाराज होऊन निघून गेली. वर्षभराने परत आली, नि जुन्या इमारतीत लहानसा ब्लॉक घेऊन आज सुखाने राहताहेत.

“पण त्या इमारतीत दुसऱ्यांनी घरं घेतलीच,” वहिनींचा आवाज उतरला. “ज्याने दाखवली, तोही मंडळाला भरघोस वर्गणी देणाराच होता हो!”

मैत्रिणींनो, ही भीती पोकळ नाही. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींनी महापालिकेची खोटी परवानगी दाखवून महारेराची नोंदणी मिळवल्याचे उघड झाले, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. कर्ज काढून तिथे संसार मांडणाऱ्या बायकांच्या जिवाची काय घालमेल झाली असेल!

म्हणून घर घेणाऱ्या मैत्रिणींना सांगते. एजंट कितीही ओळखीचा असो, नव्या प्रकल्पातले घर विकायला त्याची महारेराकडे नोंदणी असावीच लागते. महाराष्ट्रात आता त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. तो क्रमांक निःसंकोच मागा. प्रकल्पाचा क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर पडताळा, पण तेवढ्यावर थांबू नका. बांधकामाची परवानगी महापालिकेत जाऊन खरी करून घ्या, जमिनीचे कागद वकिलाला दाखवा. करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. भाड्याने जागा घेत असाल तर लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवल्याशिवाय सामान हलवू नका.

आणि तुमच्यापैकी कुणी हा व्यवसाय करत असाल, किंवा करायचे मनात असेल, तर वहिनींचे ऐका. एका दिवसाच्या फलकापेक्षा वर्षभराची ऊठबस उपयोगी पडते. एकच काम धरा, वाचनालय म्हणा, भजन म्हणा, सोसायटीची कमिटी म्हणा, पण ते नेमाने करा. तिथे कार्ड वाटत बसू नका. वर्गणीचा पैसा आणि धंद्याचा पैसा कधी एकत्र करू नका. कुणाच्या घरातले कानावर आले तर ते तिथेच ठेवा. आणि नको त्या जागेला ‘नको’ म्हणायला कचरू नका, मग दलाली बुडाली तरी चालेल.

निघताना वहिनींनी माझ्या हातावर पुन्हा कडुलिंबाचा प्रसाद ठेवला. तेवढ्यात एक तरुण बाई कडेवर बाळ घेऊन आली. “वहिनी, खिडकीतून पाणी येत होतं ना, ते यंदा पावसाआधी बघायचंय,” म्हणाली. वहिनींनी पन्ह्याचा पेला तिच्या हाती दिला नि वही काढून नोंद केली.

पुढच्या पाडव्याला डोंबिवलीला गेलात, तर फलक नसलेले ते टेबल शोधा. पन्हेही छान असते, बरं का!