एका धन्यात दोन बिया

अंगणवाडीतून निरोप आला तेव्हा धाकटी साडेचार वर्षांची होती. "काहीच बोलत नाही हो. नाव विचारलं तरी मान खाली." संगमनेरच्या आमच्या घरात दखनी बोलतात. मी मराठीत लिहितो, नोकरीही मराठीतच करतो, पण लेकीशी मराठीत चार वाक्यं कधी बोललो नव्हतो. चूक माझी होती, मुकी मात्र ती ठरत होती.

मी मोबाईलवर मराठी बडबडगीतं लावून दिली. ती बघायची, बोलायची नाही.

अम्मीने फुटका टब काढला आणि नातीकडून त्यात माती भरून घेतली. आधी मेथी टाकली. चौथ्या दिवशी कोंब वर आले. पोरीला वाटलं, सगळं असंच लगेच उगवतं. मग धने पेरले. ती रोज सकाळी बोट खुपसून धना वर काढायची, बघायची, परत पुरायची. आठ दिवस झाले तरी काही नाही. अम्मी म्हणाली, "बेटा, उसकू सोने दे, तो उगेगा."

दुसऱ्यांदा पेरताना अम्मीने धने चपलेखाली हलकेच रगडले. एकाचे दोन झाले. धना म्हणजे दोन बिया असलेलं फळ, हे मलाही तेव्हाच कळलं. पोरीने दहा धने मोजून दिले आणि वीस तुकडे मोजून घेतले. बोट खुपसायचं नाही, हेही तिनेच ठरवलं. अकराव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले.

आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात, कोंभाळण्याला, राहीबाई पोपेरे राहतात. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. गावरान वाणांच्या बिया जपत त्यांनी बायफ संस्थेच्या मदतीने बीजबँक उभी केली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मातीतून शिकलेल्या बाईचा आपण सत्कार करतो, आणि आपल्या पोराने मातीत हात घातला की ओरडतो, "हात धू, अभ्यासाला बस." आमच्या मोहल्ल्यात तर चार वर्षांच्या मुलांनाही शिकवणी लावतात. मीही चौकशी करून आलो होतो.

एके दिवशी ती करवंटीत दोन रोपं घेऊन अंगणवाडीत गेली. मी दारातच थांबलो.

"हे काय आणलंस?" बाईंनी विचारलं.

"कोथमीर."

"अगं, कोथिंबीर!"

"हां, कोथमीर. एकात दोन असतात."

शब्द आमच्या घरचा होता, वाक्य मराठी होतं. बाईंनी दुसऱ्यांदा दुरुस्त केलं नाही, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

ती अजूनही कमीच बोलते. टबातल्या कोथिंबिरीला आता पांढरी फुलं आलीत. अम्मी ती खुडू देत नाही. त्यांचे धने होईपर्यंत थांबायचं आहे, आणि या वेळी चपलेखाली रगडायचं काम नातीचं आहे.