पी. के. आणि पॉवर हाऊसचे चाचा

येलदरीच्या वसाहतीत क्रिकेट सगळ्यांचं होतं, फुटबॉल मात्र एकट्या चाचांचा. मूळचे हैदराबादचे, पॉवर हाऊसमध्ये कामाला. इथलं पूर्णा नदीवरचं धरण 1968 मध्ये पूर्ण झालं. त्याच्या निमित्ताने ठिकठिकाणची माणसं इथे आली, त्यांतलेच ते एक. पाळी संपली की चेंडू घेऊन मैदानावर हजर. आम्ही पोरं अनवाणी. "बॉल कू नक्को देख रे, गोल कू देख," हे त्यांचं पालुपद.

त्यांच्या तोंडी कायम दोन नावं असत : सय्यद अब्दुल रहीम आणि पी. के. बॅनर्जी. रहीमसाहेब हैदराबादचे शाळामास्तर आणि भारतीय संघाचे प्रशिक्षक. आमचा परभणी जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. त्यानंतर बरोबर महिन्याभराने रहीमसाहेबांच्या संघाने मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवलं, नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. भारत चौथा आला. वीस वर्षांचे पी. के. त्याच संघात आघाडीला होते. चार वर्षांनी रोमला ते कर्णधार झाले आणि फ्रान्सविरुद्धच्या 1-1 बरोबरीतला आपला गोल त्यांचाच. 1962 मध्ये जकार्ताला, आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध पहिला गोलही त्यांनीच मारला. भारताने 2-1 ने सुवर्ण जिंकलं. पुढच्याच वर्षी रहीमसाहेब कर्करोगाने गेले. हे सांगताना चाचा गप्प होत.

पण माझ्या मनात घर केलं ते वेगळ्याच गोष्टीने. पी. के. मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल या कलकत्त्याच्या बड्या क्लबांकडून कधी खेळले नाहीत. ते ईस्टर्न रेल्वेतच राहिले आणि 1958 मध्ये त्या रेल्वेच्या संघाने कलकत्ता लीग जिंकली. जिंतूरच्या पलीकडे जग न पाहिलेल्या मला ही गोष्ट फार मोठी वाटली. मोठं होण्यासाठी मोठ्याच दाराशी जावं लागत नाही, हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं.

दुखापतींमुळे पी. कें.चा खेळ थांबला आणि त्यांचं दुसरं आयुष्य सुरू झालं. जिथे खेळाडू म्हणून पाऊल ठेवलं नाही, तिथे ते गुरू होऊन गेले. 1975 च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात त्यांच्या ईस्ट बंगालने मोहन बागानला 5-0 असं हरवलं. दोनच वर्षांत ते मोहन बागानच्या बाकावर होते आणि ईडन गार्डन्सवर पेलेंच्या कॉसमॉस क्लबशी त्यांच्या संघाने 2-2 बरोबरी साधली. सामन्याआधी ते खेळाडूंशी जे बोलत, त्याला बंगालमध्ये 'व्होकल टॉनिक' म्हणत. माझ्या मते त्यांची खरी कमाई गोलांपेक्षा या बोलण्यात आहे. पोराच्या पायातली ताकद सगळ्यांना दिसते. त्याच्या मनातली भीती ओळखून तिच्याशी बोलणारा विरळा.

चाचा हेच करत. मी अंगाने किरकोळ, संघ निवडताना शेवटी उरणारा. ते मला बाजूला घेऊन पाठीवर हात ठेवत, पी. के. कोणत्या कोपऱ्यातून कसे आत शिरत ते काडीने मातीत आखून दाखवत, आणि मग मला उजव्या बगलेवर उभं करत. पुढे मी क्रीडाशिक्षक झालो तो या मातीतल्या रेघोट्यांच्या बळावर. आजही शाळेचा सामना असला की राखीव पोरांशी आधी बोलतो, खेळणाऱ्यांशी नंतर. चाचा निवृत्त होऊन हैदराबादला गेले आणि तिकडेच वारले. पी. के. 20 मार्च 2020 रोजी कोलकात्यात गेले. त्यांना मी कधी भेटलो नाही, पण दोघांचं ऋण माझ्या लेखी एकच.

23 जून हा पी. कें.चा जन्मदिवस. भारतीय फुटबॉल महासंघ तो दिवस आता लहान मुलांच्या, तळागाळातल्या फुटबॉलसाठी पाळतो. त्या दिवशी आपल्या गावच्या शाळेत एक चेंडू नेऊन द्या, आणि निवडीत मागे उरलेल्या पोराशी दोन शब्द बोला.