वाचून दाखविलेला कागद

वकिलांविषयीं माझें मत पूर्वीं फारसें अनुकूल नव्हतें, हें प्रथमच कबूल करून टाकलेलें बरें. माझे वडील एका बांधाच्या दाव्यांत अकरा वर्षें तारखा मोजीत होते. त्या तारखांच्या आदल्या रात्रीं आमच्या घरांत जें मौन पसरे, त्याचा दोष मीं लहानपणींच काळ्या डगल्याच्या माथीं मारून ठेवला होता. सार्वजनिक काका आमच्या साताऱ्यास जन्मले आणि वकिली करीत असतांनाच त्यांनीं पुण्याच्या सार्वजनिक सभेचा गाडा ओढला, किंवा तात्यासाहेब केळकर १८९६ सालीं टिळकांकडे जाण्यापूर्वीं साताऱ्यासच वकिली करीत होते, या गोष्टी मला ठाऊक होत्या. पण त्या मी देशकार्याच्या आणि वाङ्मयाच्या खात्यावर जमा धरीत असें, वकिलीच्या नव्हे. पूर्वग्रह हिशेबांत असाच लबाड असतो.

अशा माझ्याकडे तीन वर्षांपूर्वीं एक जुना विद्यार्थी आला. तो आतां आमच्या तालुक्याच्या वकील संघाचा चिटणीस आहे. "सर, एवढें मराठी करून द्या," असें म्हणून त्यानें चार पानें माझ्यापुढें ठेवलीं. पाहतों तों तीं मराठींतच होतीं! मोफत कायदेविषयक साहाय्य कोणास मिळतें हें सांगणारें तें पत्रक होतें. आणि ज्यांना तें मिळावयाचें त्यांपैकीं एकालाही कळूं नये अशा बेतानें लिहिलेलें होतें. दोन रात्री बसून मीं तें सोपें केलें. त्या खटाटोपांत मलाच कांहीं गोष्टी प्रथम कळल्या. १९८७ चा विधि सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलांत आला. त्याप्रमाणें स्त्रिया, मुलें, अनुसूचित जातिजमातींचे लोक, अपंग, कोठडींत असलेला इसम, यांना सरकारी खर्चानें वकील मिळतो. स्त्री म्हटली कीं झालें. ती गरीब कीं श्रीमंत हें कोणीं पाहावयाचें नाहीं. तीस वर्षें मुलींच्या वर्गांपुढें उभा राहून ही साधी गोष्ट मला माहीत नव्हती.

पत्रक छापून झालें म्हणजे सुटलों, अशी माझी समजूत होती. पण चिटणीसांनीं एका शिबिरास येण्याचा आग्रह केला, आणि तेव्हांपासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारीं मी त्यांच्याबरोबर खेड्यापाड्यांत जाऊं लागलों. माझ्याजवळ सनद नाहीं. तेव्हां सल्ला देण्याचा मला अधिकार नाहीं. २००९ मध्यें विधि स्वयंसेवकांची एक योजना निघाली व तींत शिक्षकांनाही घेतात. त्या यादींत माझें नांव घालण्यांत आलें. माझें काम एवढेंच कीं, आलेल्या माणसाला त्याचा कागद वाचून दाखवावयाचा आणि त्याचा अर्ज त्याच्याच शब्दांत लिहून द्यावयाचा.

संघाची खोली न्यायालयाच्या आवारांत कडुलिंबाखालीं आहे. पाय हलणारीं सहा टेबलें, जुन्या निकालांच्या ग्रंथांचें एक कपाट, आणि दिवसभर फिरणारे चहाचे पेले. सकाळीं एकमेकांवर तुटून पडलेले दोन वकील दुपारीं एकाच डब्यांतील भाकरी मोडतांना पाहून मी प्रथम बिचकलों. पुढें उमगलें कीं यांत ढोंग नाहीं. भांडण अशिलांचें असतें, तें कोर्टाच्या पायरीवर ठेवून येण्याची यांना संवय झालेली आहे. आम्हां साहित्यिकांना हें अजून साधलेलें नाहीं. आमच्यांत एका परीक्षणावरून दोन दोन पिढ्यांचें बोलणें तुटतें! संघाचे सभासद साठांवर आहेत, शिबिरास येणारे सात-आठ. उरलेल्यांना मी नांवें ठेवीत नाहीं. ज्याचा संसार तारखेच्या फीवर चालतो, त्याच्याकडे शनिवार मागणें सोपें आहे, त्यानें तो देणें अवघड.

कागद वाचून दाखविणें हें कारकुनी काम आहे, असें मला पहिले कांहीं महिने वाटत असे. एका वृद्ध वकिलांनीं माझी समजूत घातली. त्यांनीं मला १९७८ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल काढून दिला. त्यांतील कैदी महाराष्ट्रांतल्या तुरुंगांत होता. विद्यापीठांतला रीडर, म्हणजे आमच्याच जातकुळींतला. बनावट पदव्यांच्या खटपटीपायीं त्याला शिक्षा झालेली. उच्च न्यायालयाच्या निकालाची नक्कल आपल्या हातीं कधीं पडलीच नाहीं, अशी त्याची तक्रार होती. त्याचा अर्ज फेटाळला गेला. परंतु कैद्याला निकालाची नक्कल विनामूल्य मिळालीच पाहिजे, हें त्या निमित्तानें कायम झालें. "कागद असणें आणि कागद पोंचणें यांत अंतर आहे, प्रोफेसरसाहेब," वकीलसाहेब म्हणाले. मीं मान डोलावली. तें अंतर माझ्या घरांतही होतें, हें त्या वेळीं मनांत आलें नाहीं.

तें आलें गेल्या वर्षीं, माघ महिन्यांत. शिबिर एका देवळाच्या मंडपांत होतें. साठी उलटलेली एक बाई सगळ्यांत शेवटीं पुढें आली आणि पदराखालच्या पिशवींतून तिनें एक मसुदा काढला. सोमवारीं दुय्यम निबंधकांच्या कचेरींत जावयाचें आहे, भाच्यानें सातबाऱ्याचें काम आहे म्हणून सांगितलें आहे, तर हें काय आहे तेवढें बघा, असें ती म्हणाली. मीं वाचूं लागलों. तें हक्कसोडपत्र होतें. वडिलार्जित जमिनींतील आपला हक्क व हिस्सा आपण राजीखुषीनें, कोणाच्याही दडपणाशिवाय, कायमचा सोडून देत आहों, असें तींत बाई म्हणत होती. मीं एकेक वाक्य फोडून सांगितलें. जन्मभर कवितांचे अर्थ सांगितले, पण असें विवरण कधीं करावें लागलें नव्हतें.

"म्हंजी माजं नाव ऱ्हानार न्हाई व्हय, मास्तर?"

"नाहीं."

"आन् ह्ये समदं म्या म्हनते, आसं लिवलंय?"

शेजारच्या टेबलावरील तरुण वकीलबाईंनीं तिला जवळ बसवून घेतलें. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलार्जित मिळकतींत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. त्या दिवशीं वडील हयात असले पाहिजेत असें नाहीं, हेंही ११ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें आहे. हें सारें त्यांनीं फार सुरेख समजावून दिलें. बाईनें तें लक्ष देऊन ऐकलें. मग तिनें विचारलें, "न्हाई म्हनलं, तर भाऊबीजंला बोलावत्याल का?" याला कायद्यांत कलम नाहीं.

पुढच्या महिन्यांत शेजारच्या गांवचें शिबिर होतें, तेथें ती मुद्दाम चालत आली. तिनें अंगठा दिला होता. पण त्यापूर्वीं भावाला समोर बसवून, भाच्याकडून तो कागद पुन्हां मोठ्यानें वाचून घेतला होता. "आदी त्ये घेत हुते, मास्तर. आता म्या दिलं." वकीलबाई हिरमुसल्या. एवढें समजावून सांगितलें तें वायां गेलें, असें त्यांना वाटलें असावें. मला मात्र त्या रात्रीं झोंप आली नाहीं, आणि त्याचें कारण निराळें होतें.

माझी थोरली बहीण १९८३ सालीं लग्न होऊन गेली. २०११ मध्यें वडील वारले. आई आधींच गेली होती. राहतें घर आणि ओढ्याकांठची दीड एकर बागाईत, एवढी मिळकत. तेराव्यानंतर महिन्याभरानें मी ताईला गाडींतून दुय्यम निबंधकांकडे घेऊन गेलों. "ताई, येथें सही कर. येथें. आणि येथें." तिचें अक्षर माझ्याहून चांगलें आहे. तिनें प्रत्येक पानावर सुबक सही केली, आणि मीं तिला पैठणी घेतली. ती अडाणी नव्हती. ती वाचूं शकली असती. पण भावानें पुढें केलेला कागद वाचावयास लागणें म्हणजे भावावर अविश्वास दाखविणें, आणि तेवढें तिच्यानें होणार नाहीं हें मला पक्कें माहीत होतें. मीं स्वतः तो कागद वाचला होता, नीट, दोन वेळां. त्या वर्षीं मी ‘किंग लिअर’ शिकवीत होतों. मुलींना राज्य वाटून देणाऱ्या बापावर मीं वर्गांत पुष्कळ बोललों असेन.

संघाच्या वृद्ध वकीलसाहेबांना मीं हें सांगितलें, तेव्हां ते रागावले नाहींत. त्यांनीं असे भाऊ पुष्कळ पाहिले असतील. नोंदलेलें हक्कसोडपत्र माझ्या मनांत आलें म्हणून पुसलें जात नाहीं, असें ते म्हणाले. निम्मा हिस्सा परत द्यावयाचा तर मीं तिला बक्षीसपत्र करून द्यावें. तें नोंदलें पाहिजे, दोन साक्षीदार पाहिजेत. जें तिचेंच होतें तें तिला बक्षीस म्हणून द्यावयाचें! दुसरा शब्द नाहीं का, असें मीं विचारलें. ते म्हणाले, "भाषा तुमचा विषय आहे, कायद्यांत हाच आहे." घरीं यावरून जें बोलणें झालें तें येथें सांगत नाहीं.

मागच्या आठवड्यांत मसुदा घेऊन ताईकडे गेलों. तिनें चहा केला, चष्मा लावला, आणि कागद घ्यावयास हात पुढें केला. मीं म्हटलें, "तूं ऐक. मी वाचतों." ती कांहीं बोलली नाहीं. मी पहिल्यापासून वाचूं लागलों: नांवें, वयें, गट नंबर, मग चतुःसीमा. "पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट," असें वाचलें, तोंच तिनें मला थांबविलें.

"पूर्वेस ओढा नाहीं रे. पूर्वेस विहीर, आणि ओढा तिच्या पलीकडे. विहिरीपर्यंतचा तुकडा आपला. बाबा मला तिथें पोहायला शिकवीत होते."

जुन्या कागदांतही ओढाच लिहिलेला होता. मीं खिशांतून पेन्सिल काढून दुरुस्ती केली.

"पुढें वाच," ताई म्हणाली.