अर्थिंग बघ

ओकव्हिलच्या थंडीत गॅरेजमध्ये बसून तुम्हीही स्वस्तातल्या मिग वेल्डिंग मशीनशी झटत असाल, तर लगेच मशीनला शिव्या देऊ नका. माझ्याकडे नुसत्या ठिणग्या उडत, जोड धरत नसे. गॅसशिवाय चालणारी फ्लक्स-कोअर तार असेल तर टॉर्च मायनसला जोडायची. माझी प्लसला होती. ती बदलली, तरी आर्क अडखळेच.

शेवटी बाबांना फोन लावला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांनी जन्मभर वेल्डिंग केलं. "बोलू नकोस, आवाज ऐकव," म्हणाले. मग, "अर्थिंग बघ."

क्लॅम्प रंगावरच लावला होता! रंग खरवडला आणि भजी तळल्यासारखी एकसारखी तडतड सुरू झाली.

मी पीएचडी झाल्यापासून बाबांनी मला काही शिकवणं सोडलं होतं. त्या रात्री तासभर बोलले.