पिंपळवंडीची आंब

पुण्याहून नाशिकच्या एसटीत बसलं की नद्या एकामागून एक आडव्या येतात. राजगुरुनगरला भीमा, कळंबला घोड, नारायणगावला मीना. मीना मागे पडली की पिंपळवंडी आलीच. पौषातली दुपार कलली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, कांदा, द्राक्षांचे मांडव. मला मात्र ओढ होती हरभऱ्याच्या रानाची.

मैत्रिणीच्या मामींनी जुन्या धोतराचं स्वच्छ धुतलेलं फडकं काढूनच ठेवलं होतं. घरच्या खाण्यापुरता एक पट्टा त्यांनी फवारा न मारता राखला आहे. तिन्हीसांजेला आम्ही ते फडकं त्या हरभऱ्यावर अलगद पसरलं.

पहाटे मामींची हाक आली, "उन्हं वर यायच्या आत चल गं, मग काय हाताला लागत न्हाई." फडकं दवानं जड झालं होतं. काचेच्या बरणीवर धरून त्यांनी ते पिळलं, तशी पिवळसर धार लागली. हीच आंब. बोट बुडवून जिभेला लावलं आणि दात शिवशिवले. चिंचेचा आंबटपणा गोडाच्या संगतीनं येतो; हा एकदम येतो, नि मागे किंचित खारटपणा ठेवून जातो. पोट दुखलं, अन्न पचलं नाही, की ही आंब थोडी पाण्यातून द्यायची, अशी इथली जुनी रीत.

पान उजेडाकडे धरलं तर बारीक लव दिसते आणि लवेच्या टोकांवर चकाकणारे थेंब. त्यांत मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. हरभऱ्यावर पडणाऱ्या घाटे अळीची वाढ ऑक्झॅलिक आम्लानं खुंटते, हे प्रयोगांत दिसलं आहे. माणसाला चव देणारी ही आंब मुळात झाडाची राखण आहे. पाऊस आला की ती धुऊन जाते, म्हणूनच खुडलेले कोवळे शेंडे भाजीसाठी मामी धूत नाहीत. शेंडे खुडल्यानं झाडाला फांद्याही जास्त फुटतात.

आंबटाची आणखी एक गंमत अंगणात होती: पत्र्याच्या डब्यातली पानफुटी. तिचा तुकडा चावून मी थुंकून टाकला. ही खायची वनस्पती नव्हे. सकाळी चांगलीच आंबट लागली, भर दुपारी जवळजवळ बेचव. दक्षिण भारतात राहिलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञानं हेच चाखून पाहिलं आणि लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवलं. ते १८१५ साली छापून आलं. पानफुटी रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा उन्हात तो वापरून टाकते. वनस्पतींच्या या रात्रपाळीचा अभ्यास पुढे फार वाढला. त्याची एक सुरुवात जिभेवर झाली, याचं मला मोठं अप्रूप वाटतं.

दुपारी जेवायला बाजरीची भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी आणि चुका घातलेलं अळूचं फदफदं. चुका नुसत्या चवीसाठी नसतो. अळूची घशाला येणारी खाज त्याच्या आंबटपणानं मरते. मामी दर घासाला भाकरी पुढे सारत होत्या. आंब चाखायची तर पौषात जावं, मुक्काम करावा आणि फवारा न मारलेलं रान आधी विचारून ठेवावं. असे पट्टे आता शोधावेच लागतात.