काचेचा कठडा

जिन्याच्या कठड्याकडे दोन कामे असतात: चढत्या-उतरत्या माणसाच्या हाताला आधार देणे आणि त्याचा तोल गेलाच तर त्याला कडेने खाली न पडू देणे. सागवानी कठड्यात ही दोन्ही कामे एकाच लाकडाने केली. काचेची तावदाने बसवताना मात्र त्यांची फारकत होते, कारण काच माणसाला अडवते पण तिला धरता येत नाही.

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील हिंगणी हे गाव बोर धरणाजवळचे, आणि या मुलखातील जुनी घरे माती, सागवान व कवेलू यांची. कवेलू म्हणजे छपरावर अंथरलेली भाजक्या मातीची कौले. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, म्हणून भिंती जाड आणि खिडक्या लहान ठेवत, आणि अशा घरात माडीवर जाणारा जिना अंधारातच असे. तो अंधार म्हणजे उणीव नव्हे, ती गारव्याची किंमत होती, आणि पायांना पायऱ्यांची सवय झालेली असल्यामुळे ती घरातल्या माणसांना जाचतही नसे. सिमेंटच्या स्लॅबच्या घरात जिना मध्यभागी आला, गच्चीच्या दारातून त्यात उजेड उतरू लागला, पण विटांचा भरीव कठडा तो उजेड अर्ध्यावरच अडवतो. त्या जागी काच आली की हाच उजेड तळमजल्यावरच्या मधल्या खोलीपर्यंत पोचतो. काचेच्या बाजूने याहून मोठे कारण सांगण्याची गरज नाही.

ही काच साधी चालत नाही. कठड्यासाठी जी टफन काच वापरतात, ती ६०० अंश सेल्सिअसहून अधिक तापवून तिच्या दोन्ही अंगांवर हवेचे झोत सोडतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो, गाभा मागाहून आकसताना त्याला आत ओढतो, आणि या कायमच्या दाबामुळे काच साध्या काचेपेक्षा चार-पाच पट बळकट होते व फुटलीच तर तिचे धारदार तुकडे न होता बोथट खडे होतात. मात्र त्यानंतर ती कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. आणि जिन्याचे तावदान चढाबरोबर तिरके असल्यामुळे पायऱ्यांवर फरशी बसल्यानंतरच पुठ्ठ्याचा साचा कापून माप घेणे शहाणपणाचे ठरते. शिवाय टफन काच फुटली की अख्खे तावदान ढासळते आणि कठड्याची जागा मोकळी पडते. म्हणून उंच जिन्याला लॅमिनेटेड काचच हवी, म्हणजे मध्ये पारदर्शक प्लास्टिकचा पडदा घालून जोडलेल्या दोन काचा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एदुआर बेनेदिक्तुस याला १९०३ साली ही कल्पना सुचली ती एका पडलेल्या काचपात्रावरून: आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळून चिकटलेला असल्यामुळे ते तडकले, पण विखुरले नाही.

या भागात आणखी एका गोष्टीचे भान लागते, ते जमिनीचे. कापसाची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचे घर पाया खोल नसेल तर किंचित हलत राहते. विटेच्या भिंतीला त्याने फट पडते, ती बुजवता येते. पण टफन काचेची कड हीच तिची सर्वांत हळवी जागा, आणि लोखंडी चौकट सरकून कडेला टेकली तर सबंध तावदानाचा चुरा होऊ शकतो. काच आणि धातू यांच्यामध्ये रबराची पट्टी व थोडी मोकळी जागा ठेवावी लागते ती यासाठी.

आणि हाताचे काय? काचेच्या माथ्यावर चकचकीत स्टीलची नळी बसवण्याची रीत पडली आहे, आणि काही घरांत तीही नसते. ही उणीव म्हाताऱ्या माणसांना सर्वांत आधी जाणवते. १९३६ साली याच जिल्ह्यातल्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आलेल्या गांधीजींचा आग्रह होता की घराचे सामान पाच मैलांच्या आतले असावे. काच त्या वर्तुळात बसणार नाही, पण सागवान बसते, आणि ते विकत आणण्याचीही गरज नसते: मातीचे घर पाडून स्लॅबचे बांधताना जुन्या तुळया बहुधा परसात रचून ठेवलेल्या असतात. त्यांतली एक चिरून, रंधून, मुठीत मावेल इतकी गोल करून काचेच्या माथ्यावर बसवली, तर मे महिन्याच्या दुपारीही ती स्टीलसारखी हाताला चटका देत नाही.